थॉर आणि लोकी भाऊ होते का? नॉर्स दैवतं कॉमिक्समध्ये कशी आली, काय बदललं आणि मालकी कुणाची

थॉरचा भाऊ कोण, असं कुठल्याही शाळकरी पोराला विचारा. पोरगं बेळगावचं असो, म्हापशाचं असो, इंदूरचं असो की बडोद्याचं, उत्तर एकच येणार : लोकी. सिनेमा पाहिलेला असतो, मोबाईलवर क्लिप फिरलेल्या असतात, टी-शर्टवर हातोडा असतो. पण हे दोघे ज्या जुन्या ग्रंथांत पहिल्यांदा लिहिले गेले, त्यात ते भाऊ नाहीतच. तिथे लोकी हा थॉरचा नव्हे, तर थॉरच्या बापाचा, म्हणजे ओडिनचा, रक्ताची शपथ घेऊन झालेला भाऊ आहे. नातं लावायचंच झालं तर तो थॉरचा काका.

हा बदल सिनेमाने केलेला नाही. तो झाला साठ वर्षांपूर्वी, न्यूयॉर्कमधल्या एका कॉमिक्स कंपनीत. आज जगभर बहुतेक लोकांना नॉर्स दैवतांची जी ओळख आहे, ती मूळ ग्रंथांतून नव्हे तर कॉमिक्समधून आलेली आहे. म्हणून मूळ कथा काय होत्या, कॉमिक्सवाल्यांनी त्यात काय ठेवलं, काय नव्याने घातलं आणि या दैवतांवर मालकी कुणाची, हे एका ठिकाणी मांडण्याचा हा प्रयत्न.

मूळ कथा कुठल्या?

नॉर्स म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, आइसलँड या उत्तर युरोपातल्या भागातले जुने लोक. ख्रिस्ती धर्म येण्याआधी ते ओडिन, थॉर, फ्रेया, टीर अशा दैवतांना मानत. पण त्या काळात या कथा कुणी ग्रंथात लिहून ठेवल्या नाहीत. त्या तोंडीच चालत आल्या.

आइसलँडने साधारण सन १००० मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, १२२० च्या सुमारास, स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या आइसलँडच्या पुढाऱ्याने या कथा गद्यात लिहून काढल्या. त्या पुस्तकाला गद्य एड्डा म्हणतात. स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता. त्याने हा ग्रंथ धर्मप्रचारासाठी लिहिला नाही, कवींसाठी लिहिला. जुन्या कवितांतले रूपक-दाखले कळायचे तर देवांच्या गोष्टी माहीत हव्यात, आणि नव्या पिढीला त्या माहीत नव्हत्या. एक प्रकारे ते कवींचं पाठ्यपुस्तकच होतं. राजकारणात गुंतलेल्या स्नोरीचा १२४१ मध्ये खून झाला.

दुसरा आधार म्हणजे काव्य एड्डा. त्यातल्या बहुतेक कविता तेराव्या शतकात लिहिलेल्या एकाच हस्तलिखितामुळे वाचल्या. त्याची आज ४५ पानं उरली आहेत. हे हस्तलिखित १६६२ मध्ये आइसलँडहून डेन्मार्कच्या राजाकडे गेलं. १९७१ मध्ये डेन्मार्कने ते युद्धनौकेतून सन्मानाने परत पाठवलं, तेव्हा रेक्याविकच्या बंदरावर ते बघायला लोकांची गर्दी झाली होती.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो तेसुद्धा मागाहून लिहिलेलं, दुसऱ्या धर्मातल्या माणसाने जुळवलेलं आहे. म्हणजे कॉमिक्सच्या आधीही या कथा एकदा नव्याने सांगून झालेल्या होत्या.

काय बदललं, काय तसंच राहिलं?

कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या मनात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो खालच्या गोष्टींबद्दल.

लोकी : जुन्या कथेत लोकी हा एका राक्षसवंशी बापाचा मुलगा. त्याच्या आईचं नाव लाउफे. मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये हीच लाउफे बाप झाली, हिमराक्षसांचा राजा. ओडिन त्याला लढाईत मारतो आणि त्याचं तान्हं पोर घरी आणून वाढवतो, ही गोष्ट कॉमिक्सची.

हातोडा : म्योल्नीर हे नाव जुनंच आहे. तो बुटक्या कारागिरांनी बनवला. लोकीने त्यांच्याशी स्वतःच्या डोक्याची पैज लावली होती. पैज हरू नये म्हणून तो माशी होऊन कारागिराच्या पापणीला चावला. भात्याचा हात क्षणभर थांबला आणि हातोड्याची मूठ आखूड राहिली. पैज हरल्यावर लोकी म्हणाला, डोकं तुमचं, पण मानेला हात लावायचा नाही. कारागिरांनी मग त्याचे ओठच शिवून टाकले. ‘जो लायक असेल तोच हा हातोडा उचलू शकेल’ ही अट मात्र जुन्या कथेत कुठेच नाही. तिथे थॉरला लोखंडी हातमोजे आणि ताकद वाढवणारा कमरपट्टा लागतो, एवढंच. हातोड्याचा ‘उरू’ नावाचा धातूही कॉमिक्सवाल्यांचाच.

थॉरचं रूप : कॉमिक्समधला थॉर सोनेरी केसांचा आणि सुरुवातीला तरी सफाचट दाढी केलेला. आइसलँडच्या जुन्या गोष्टींत तो लाल दाढीवाला, रागीट आणि खाण्यापिण्यात जबर. त्याच्या रथाला दोन बोकड जुंपलेले. रात्री तेच बोकड कापून खायचे, हाडं कातड्यावर ठेवायची आणि सकाळी हातोडा फिरवला की बोकड पुन्हा उभे.

हेला : जुन्या कथेत हेल ही लोकीची मुलगी. २०१७ च्या ‘थॉर : रॅग्नारोक’ सिनेमात ती ओडिनची मुलगी, म्हणजे थॉरची बहीण झाली.

सिफ : थॉरची बायको, सोनेरी केसांची. लोकी खोडी म्हणून तिचे केस कापतो आणि मग भरपाई म्हणून बुटक्यांकडून सोन्याचे केस करवून आणतो. कॉमिक्समध्ये तिचे केस काळे आहेत. तिथेही केस कापल्याची गोष्ट आहे, पण बदलून आलेले केस काळे निघाले, असं सांगितलंय.

थॉरचे तीन दोस्त : फँड्रल, होगुन आणि वोल्स्टॅग हे तिघे १९६५ पासून कॉमिक्समध्ये आहेत. जुन्या ग्रंथांत ते नाहीत. जाड्या वोल्स्टॅगवर शेक्सपिअरच्या फॉलस्टाफची छाप आहे.

आणि बरंच काही जसंच्या तसं राहिलं. इंद्रधनुष्याचा पूल, त्यावरचा पहारेकरी हाइमडाल, ओडिनचा एक डोळा आणि दोन कावळे, विश्ववृक्ष, बाल्डरचा मृत्यू आणि शेवटी बहुतेक मोठ्या देवांचा नाश करणारं रॅग्नारोक, हे सगळं एड्डातलंच.

ऑगस्ट १९६२

थॉर कॉमिक्समध्ये याआधीही डोकावून गेला होता. जॅक किर्बी या चित्रकाराने १९५७ मध्ये डीसी कंपनीच्या एका मासिकात थॉरच्या हातोड्याची छोटी गोष्ट काढली होती. पण आज माहीत असलेला थॉर आला तो ‘जर्नी इनटू मिस्टरी’ या मासिकाच्या ८३ व्या अंकात. अंकावर तारीख होती ऑगस्ट १९६२.

संपादक स्टॅन ली, पटकथा त्यांचा धाकटा भाऊ लॅरी लीबर यांची, चित्रं जॅक किर्बी यांची आणि शाई जो सिनॉट यांची. स्टॅन ली नंतर सांगत की, हल्क काढल्यावर त्याच्याहून ताकदवान कोण, असा प्रश्न पडला. माणसापेक्षा ताकदवान म्हणजे देवच. ग्रीक आणि रोमन देव लोकांना पाठ होते, म्हणून मग उत्तरेकडचे घेतले. किर्बी यांचं म्हणणं वेगळं होतं. या देवांच्या कथांचं वेड आपल्याला आधीपासून होतं आणि थॉर आपणच आणला, असं ते सांगत. कुणाचा वाटा किती, हा वाद पुढे कोर्टापर्यंत गेला. त्याकडे नंतर वळू.

पहिली गोष्ट साधी होती. डॉ. डोनाल्ड ब्लेक हा पायाने अधू असलेला अमेरिकन डॉक्टर नॉर्वेला फिरायला जातो. तिथे शनी ग्रहावरून आलेले दगडी प्राणी त्याच्या मागे लागतात. तो गुहेत लपतो, तिथे त्याला एक काठी सापडते. ती आपटल्यावर काठीचा हातोडा होतो आणि डॉक्टरचा थॉर.

म्हणजे सुरुवातीला थॉर हा देव नव्हताच, देवाची शक्ती मिळालेला माणूस होता. लोकी दोनच अंकांनी, ८५ व्या अंकात आला. पुढे १९६८ मध्ये १५९ व्या अंकात खुलासा झाला की ब्लेक नावाचा कुणी नव्हताच. थॉरला गर्व झाला म्हणून ओडिनने त्याला आठवण पुसून अधू माणसाच्या रूपात पृथ्वीवर पाठवलं होतं. आपल्याकडे शापाने मृत्युलोकात यावं लागलेल्या देव-गंधर्वांच्या कथा ऐकलेल्या माणसाला हे वळण ओळखीचं वाटेल.

ऑक्टोबर १९६३ पासून याच मासिकात ‘टेल्स ऑफ ॲस्गार्ड’ नावाचं पाच पानांचं सदर सुरू झालं. त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या गोष्टी आल्या. मूळ एड्डाच्या सगळ्यात जवळ जाणारा भाग हाच. १९६६ मध्ये १२६ व्या अंकापासून मासिकाचं नावच ‘थॉर’ झालं. देवांच्या तोंडी स्टॅन ली यांनी जुनी, शेक्सपिअरच्या धाटणीची इंग्रजी घातली. आपल्या संगीत नाटकांत किंवा पौराणिक सिनेमांत देव जसे ‘भ्राता’, ‘प्राणनाथ’ म्हणत बोलायचे, त्यातलाच प्रकार.

किर्बी यांचं दुसरं काम

जॅक किर्बी यांचं खरं नाव जेकब कुर्ट्झबर्ग. जन्म १९१७, न्यूयॉर्क. आई-वडील ऑस्ट्रियातून आलेले ज्यू. हे इथे सांगायचं कारण आहे.

जर्मनीत हिटलरच्या राजवटीने उत्तरेकडची ही जुनी दैवतं आणि चिन्हं आपल्या वंशवादासाठी वापरली. एसएसचं दोन विजांसारखं दिसणारं चिन्ह जुन्या रून लिपीतून घेतलं होतं. ‘ही आमच्या शुद्ध रक्ताच्या पूर्वजांची दैवतं’ असा तो दावा होता. याच काळात, मार्च १९४१ च्या अंकात, जो सायमन आणि जॅक किर्बी यांनी कॅप्टन अमेरिका हा नायक आणला. पहिल्याच मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. नंतर किर्बी स्वतः सैन्यात गेले आणि १९४४ मध्ये फ्रान्समध्ये लढले.

त्याच माणसाने वीस-एकवीस वर्षांनी थॉर काढला. त्याच्या ॲस्गार्डमध्ये वंशशुद्धीचा मागमूस नाही. अवाढव्य मनोरे, यंत्रासारखी शिरस्त्राणं, विज्ञानकथेतल्यासारखी शस्त्रं. अर्धं पुराण, अर्धं अंतराळ. थॉरची निष्ठा रक्ताशी नाही, पृथ्वीवरच्या सामान्य माणसांशी आहे. १९७८ मध्ये तर मार्व्हलच्याच ‘द इन्व्हेडर्स’ या मालिकेत दुसऱ्या लेखकाने अशी गोष्ट लिहिली की, हिटलर थॉरला फसवून आपल्या बाजूने बोलावतो आणि सत्य कळल्यावर थॉर त्याची साथ सोडतो.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. युरोप-अमेरिकेतले वर्णवर्चस्ववादी गट आजही थॉरचा हातोडा आणि रून अक्षरं मिरवतात. २०११ च्या ‘थॉर’ सिनेमात इद्रिस एल्बा या कृष्णवर्णीय नटाला हाइमडालचं काम दिलं, तेव्हा अशाच एका अमेरिकन गटाने बहिष्काराची हाक दिली होती. हाइमडालला एड्डात गोरापान देव म्हटलंय, हा त्यांचा मुद्दा. पण त्याच एड्डातल्या लोकीच्या जागी ओडिनचा दत्तक मुलगा आला, तेव्हा कुणाला ग्रंथाची आठवण झाली नव्हती.

पुढच्या लेखकांनी काय केलं?

किर्बी १९७० मध्ये मार्व्हल सोडून गेले. त्यानंतरचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वॉल्टर सायमनसन यांचा. १९८३ मध्ये ३३७ व्या अंकापासून लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांनी हातात घेतली. पहिल्याच अंकात घोड्याच्या तोंडाचा एक परग्रहवासी, बीटा रे बिल, थॉरचा हातोडा उचलतो. लायकीची अट कॉमिक्सने घातलीच होती, तर ती फक्त एकाच कुळापुरती का, असा त्यातला सरळ सवाल. याच काळात लोकीच्या करणीने थॉरचा बेडूक होतो, ही गंमतही आली. सायमनसन यांना मूळ कथांची चांगली जाण होती. १९८७ च्या ३८० व्या अंकात थॉर आणि विश्वसर्पाची लढाई त्यांनी पूर्ण पानभर एकेक चित्र अशी काढली.

एड्डात ही लढाई रॅग्नारोकच्या वेळी होते. थॉर सर्पाला मारतो, पण विषाने नऊ पावलं चालून स्वतःही कोसळतो. एड्डातले देव मरतात, आणि आपण मरणार हे त्यांना आधीपासून माहीत असतं. दर महिन्याला निघणाऱ्या मासिकाची अडचण हीच, की नायक मेला तर पुढच्या महिन्यात विकायचं काय? २००४ मध्ये मार्व्हलने यावर तोडगा काढला. रॅग्नारोक एकदाच होत नाही, पुन्हा पुन्हा होतं, आणि देव त्या चक्रात अडकलेत. थॉर ते चक्रच तोडतो. नासधूस झाली, मालिका काही काळ थांबली आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. या वेळी ॲस्गार्ड अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका छोट्या गावाजवळ, जमिनीपासून काही फूट वर तरंगत होतं.

२०१२ पासून जेसन ॲरन यांनी थॉरला पेचात टाकणारा प्रश्न विचारला : देव लायक असतात का? त्यांच्या गोष्टीतला खलनायक गॉर हा सगळी लेकरं गमावलेला बाप. कुठलाच देव मदतीला आला नाही, म्हणून तो देवच मारत सुटलाय. २०१४ मध्ये थॉर स्वतः हातोडा उचलायला नालायक ठरतो आणि तो उचलते जेन फॉस्टर, कर्करोगाचे उपचार घेणारी बाई. प्रत्येक वेळी ती थॉर झाली की शरीरातलं औषध निघून जातं. लोकांना वाचवायचं तर स्वतःचं आयुष्य कमी होतं. ‘थॉर बाई कशी?’ म्हणून तेव्हा खूप ओरड झाली. पण हातोडा परत मिळवण्यासाठी थॉर नवरीचा वेष घेऊन, पदर ओढून राक्षसाच्या मांडवात बसतो, ही कथा काव्य एड्डातच आहे. लोकी तर तिथे घोडी होतो आणि ओडिनच्या आठ पायांच्या घोड्याला जन्म देतो. जुन्या कथा आपल्याला वाटतात तेवढ्या सोवळ्या नव्हत्या.

ज्यांच्या कथा, त्यांची कॉमिक्स

या सगळ्यात स्कँडिनेव्हियाचे लोक नुसते बघत बसले नव्हते. डेन्मार्कच्या पीटर मॅडसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘वाल्हाला’ नावाची मालिका काढली. १९७९ ते २००९ या तीस वर्षांत तिची १५ पुस्तकं आली. चित्रं हसरी, ॲस्टेरिक्सच्या वळणाची, पण गोष्टी थेट एड्डातल्या. थॉर इथे लाल दाढीचा, रथाला बोकड. गोष्ट दिसते ती त्याच्या घरी कामाला राहिलेल्या दोन माणसांच्या पोरांच्या, त्याल्फी आणि रोस्क्वा यांच्या, नजरेतून. नवरीच्या वेषातल्या थॉरची गोष्ट या मालिकेच्या दुसऱ्याच पुस्तकात आहे. १९८६ मध्ये यावर डॅनिश कार्टून सिनेमाही निघाला.

बेल्जियमच्या ‘टिनटिन’ मासिकात १९७७ पासून ‘थोर्गल’ सुरू झालं. लेखक बेल्जियमचे ज्यां व्हान हाम, चित्रकार पोलंडचे ग्झेगोझ रोसिन्स्की. नायक व्हायकिंगांत वाढलेला, पण आलेला ताऱ्यांवरून. देव इथे दूरवर असतात, कधी मदत करतात, कधी त्रास देतात.

जपानी कॉमिक्स, म्हणजे मांगामध्ये, ही दैवतं आणखी वेगळ्या रूपात गेली. कोसुके फुजिशिमा यांच्या १९८८ ते २०१४ पर्यंत चाललेल्या ‘ओह माय गॉडेस’ मध्ये नशीब विणणाऱ्या तीन नॉर्न बहिणी एका कॉलेजच्या पोराच्या घरी राहायला येतात. आपल्याकडच्या तरुणांत खूप चाललेल्या ‘अटॅक ऑन टायटन’ मध्ये पहिल्या टायटनचं नाव यमीर आहे. एड्डात यमीर हा आदिराक्षस. त्याच्या मांसाची जमीन झाली, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर आणि कवटीचं आभाळ.

मालकी आणि हिशोब

आता व्यवहाराचा भाग. थॉर हे नाव, त्याचा हातोडा आणि एड्डातल्या गोष्टी कुणाच्याही मालकीच्या नाहीत. उद्या कुणी निपाणीत बसून मराठीत थॉरचं कॉमिक काढलं तर त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मालकी असते ती विशिष्ट रूपावर. मार्व्हलच्या थॉरचा तो पोशाख, डॉ. ब्लेक, बीटा रे बिल, त्यांच्या गोष्टीतली वळणं, हे उचललं तर नोटीस येणार.

याचं चांगलं उदाहरण खुद्द सायमनसन यांनीच दिलं. २०१४ मध्ये त्यांनी आयडीडब्ल्यू या दुसऱ्या प्रकाशकाकडे ‘रॅग्नारोक’ नावाची मालिका सुरू केली. देव सगळे मेलेत, आणि खालचा जबडा गमावलेला, मेलेला थॉर उठून बसतो. चित्रकार तोच, देव तोच, पण मार्व्हलचा थॉर नाही. त्यामुळे कायद्याला हरकत नाही.

म्हणजे कच्चा माल फुकटचा. त्यावर काम करणाऱ्यांना काय मिळालं? किर्बी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पानामागे ठरलेला मोबदला घेऊन काम करत. पान दिलं, पैसे घेतले, हक्क कंपनीचा. १९९४ मध्ये ते वारले. २००९ मध्ये डिस्नेने मार्व्हल साधारण ४०० कोटी डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. त्याच महिन्याभरात किर्बी यांच्या मुलांनी अमेरिकन कॉपीराइट कायद्याच्या आधारे हक्क परत मागणाऱ्या नोटिसा पाठवल्या. मार्व्हल कोर्टात गेली. २०११ मध्ये खालच्या कोर्टात आणि २०१३ मध्ये अपील कोर्टात निकाल मार्व्हलच्या बाजूने लागला : हे काम कंपनीने सांगून करवून घेतलेलं होतं, त्यामुळे हक्क कंपनीचाच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोचलं होतं. तिथे ते ऐकायचं की नाही हे ठरण्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, दोन्ही बाजूंनी तडजोड केली. अटी जाहीर झाल्या नाहीत. पण त्यानंतर कॉमिक्सच्या पानांवर निर्माता म्हणून किर्बी यांचं नाव ठळकपणे येऊ लागलं. पुढे लॅरी लीबर यांनीही अशीच नोटीस दिली. तो वाद २०२३ मध्ये मिटला.

स्नोरीने ज्या कुणा कवींच्या कविता गोळा केल्या, त्यातल्या कित्येकांची नावं आज कुणालाच माहीत नाहीत. किर्बी यांचं नाव तरी निदान कोर्टाच्या दारापर्यंत जाऊन टिकलं.

आपल्याशी नातं काय?

नातं आहे, आणि ते आठवड्याच्या वारांत रोज समोर असतं. रोमन लोकांनी वारांना ग्रहांच्या देवांची नावं दिली. तीच पद्धत आपल्याकडेही आली. उत्तरेकडच्या जर्मन टोळ्यांनी ती घेताना रोमन देवांच्या जागी आपले देव बसवले. म्हणून आपला मंगळवार तो त्यांचा टीरचा वार, बुधवार ओडिनचा, गुरुवार थॉरचा आणि शुक्रवार ओडिनची बायको फ्रिग हिचा. इंग्रजी ‘थर्सडे’ मध्ये थॉर अजून बसलेला आहे.

भाषेतही धागा आहे. थॉर या नावाचा अर्थ मेघगर्जना. भाषातज्ज्ञ त्याचं मूळ संस्कृतातल्या गडगडाटाच्या ‘स्तन्’ या धातूशी जोडतात. त्यातूनच ‘स्तनयित्नु’, म्हणजे गडगडणारा मेघ, हा शब्द आला. यमीर या नावाचं नातं आपल्या यमाशी लावलं जातं. दोन्हींचा मूळ अर्थ जुळा. यमीरच्या देहातून जग झालं ही कथा ऐकली की पुरुषसूक्त आठवतंच. हे देव एकच आहेत असा याचा अर्थ नाही. फार जुन्या काळी या भाषा बोलणाऱ्यांचे पूर्वज जवळचे होते, एवढाच.

श्रद्धेचा प्रश्न

‘हे तर मेलेले देव, कुणी काही काढलं तरी काय बिघडतं?’ असं सहज म्हटलं जातं. ते आता तितकंसं खरं नाही. आइसलँडमध्ये १९७२ मध्ये या जुन्या दैवतांना मानणाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि १९७३ मध्ये तिला सरकारमान्यता मिळाली. रेक्याविकमध्ये त्यांनी मंदिराचं बांधकामही हाती घेतलंय.

आपल्याला हा प्रश्न दूरचा वाटतो, पण १९८० मध्ये थॉरच्या ३०१ व्या अंकात थॉर वेगवेगळ्या देशांच्या दैवतांकडे शक्ती मागत फिरतो आणि त्यात त्याची शिवाशी मारामारी होते. ‘रेकॉर्ड ऑफ रॅग्नारोक’ या जपानी मालिकेतही जगभरच्या देवांबरोबर शिव आखाड्यात उतरतो. २०२१ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली तेव्हा यावर हिंदूंकडून आक्षेप घेतला गेला. थॉरचा बेडूक केला तर आपण हसतो आणि आपला देव आखाड्यात आणला की आपल्याला टोचतं. यात चुकीचं काही नाही, पण टोचण्याचं कारण देवाच्या मोठेपणात नसून आपण अजून त्याच्या पाया पडतो यात आहे, हे कळलं की आइसलँडच्या त्या मूठभर लोकांचंही थोडं समजतं.

मग पोराला सांगायचं काय? लोकी थॉरचा भाऊ आहे, पण कॉमिक्समध्ये. एड्डात तो ओडिनचा शपथेचा भाऊ. दोन्ही सांगावं. आपल्याकडे रामायण वाल्मीकींचं वेगळं, भावार्थ रामायण वेगळं, दशावतारातलं वेगळं, हे पोरांना न सांगता कळतं, कारण ती ते सगळं ऐकत वाढतात. नॉर्स कथांचं तसं नाही. त्या पोरांपर्यंत एकाच दाराने येतात, आणि त्या दारावर एका कंपनीची पाटी आहे. दुसरंही दार आहे, एवढं मोठ्यांनी दाखवलं तरी पुरे. वाचायची पोरं पुढे आपणच जातात.